बेगमीची यादी कोणी करावी? सर्व्हिस वर्करविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात याच सदरात रेंज नसतानाही चालणाऱ्या वेब अ‍ॅपचा विषय ओझरता आला होता. संकेतस्थळ आणि नेटवर्क यांच्या मध्ये ब्राउझरमध्ये बसणारी, प्रत्येक मागणी अडवून ती फोनमधल्या साठ्यातून पुरवायची की बाहेरून आणायची हे ठरवणारी जी स्वतंत्र स्क्रिप्ट, तिला सर्व्हिस वर्कर म्हणतात, एवढेच तेथे सांगितले होते. त्यावर देवगडपासून हर्णैपर्यंतच्या किनाऱ्यावरून पत्रे आली, आणि बहुतेकांचा रोख एकाच ठिकाणी होता: हा सर्व्हिस वर्कर हाताने लिहावा की बिल्डच्या वेळी, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून सर्व्हरवर चढवायच्या फाइली तयार होताना, साधनाकडून तयार करून घ्यावा? एक खुलासा आधीच करतो. या सदरात ‘कॅश’ म्हणजे फोनमधला साठा. आंब्याच्या पट्टीवर मिळते ती नव्हे.

प्रश्न: आमची हापूसची बाग वस्तीपासून दूर कातळावर आहे आणि तेथे रेंज येत नाही. पेट्यांची नोंद ठेवण्यासाठी मी एक लहान वेब अ‍ॅप केले आहे. सर्व्हिस वर्कर मीच लिहिला आणि साठवायच्या फाइलींची यादी त्यात हाताने घातली. मार्चमध्ये दुरुस्ती करून नवे बिल्ड सर्व्हरवर चढवले, तेव्हापासून बागेतल्या सर्व फोनवर जुनेच अ‍ॅप दिसते. ही यादी बिल्ड होतानाच आपोआप तयार होते असे ऐकले. ते कसे करावे?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर: आधी बिघाड कोठे झाला ते पाहू. आजची बिल्ड साधने जावास्क्रिप्ट आणि सीएसएस फाइलींच्या नावातच त्यांच्या मजकुराचा ठसा, म्हणजे हॅश, घालतात. मजकुरात एक अक्षर बदलले तरी फाइलीचे नाव बदलते. आपण दुरुस्ती केलीत, फाइलीला नवे नाव मिळाले, यादीत मात्र जुनेच राहिले. साठा भरण्याचे अ‍ॅड-ऑल हे काम सगळे किंवा काहीच नाही अशा तत्त्वावर चालते. यादीतल्या चाळीस फाइलींपैकी एकोणचाळीस मिळाल्या आणि एक मिळाली नाही, तर सगळा साठा रद्द होतो आणि नव्या सर्व्हिस वर्करची स्थापनाच फसते. अशा वेळी ब्राउझर जुन्याला हात लावत नाही. जुना वर्कर जुना साठा निमूटपणे वाढत राहतो, आणि कामगारांना काही बिघडले आहे याचा पत्ताही लागत नाही.

आगोटीच्या आधी घरात जी बेगमी होते, तिची यादी घरातल्या मोठ्या बाईच्या डोक्यात असते आणि ती सहसा चुकत नाही, कारण तांदूळ दरवर्षी आपले नाव बदलत नाहीत. येथे प्रत्येक बिल्डला नावे बदलतात. म्हणून यादी करण्याचे काम, ज्याला नवी नावे ठाऊक असतात त्या बिल्डकडेच सोपवावे.

यासाठी सर्वात रुळलेले साधन म्हणजे गूगलचे वर्कबॉक्स. ते २०१७ मध्ये आले आणि त्याआधीच्या एसडब्ल्यू-प्रीकॅश व एसडब्ल्यू-टूलबॉक्स या दोन साधनांची जागा त्याने घेतली. ते कमांडलाइनवरून चालवता येते, नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्टमधून बोलावता येते आणि वेबपॅक या बिल्ड साधनाला जोडता येते. आपण व्हीट हे बिल्ड साधन वापरत असल्यास (त्याचे नाव घेताना मराठी माणसाला विटेची आठवण होणे साहजिक आहे) व्हीट-प्लगइन-पीडब्ल्यूए नावाचा जोड आतून वर्कबॉक्सच वापरतो. अँग्युलर ही वेब अ‍ॅप बांधण्याची तयार चौकट (फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांची व्यवस्था निराळी आहे; तेथे त्या चौकटीचा स्वतःचाच सर्व्हिस वर्कर असतो आणि त्याची यादीही अँग्युलरच्या बिल्डमध्येच तयार होते.

वर्कबॉक्सच्या दोन पद्धती आहेत. जनरेट-एसडब्ल्यू या पद्धतीत तयार बिल्डचा फोल्डर कोणता, त्यातल्या कोणत्या प्रकारच्या फाइली घ्यायच्या आणि तयार झालेला सर्व्हिस वर्कर कोठे ठेवायचा, एवढे सांगितले की पूर्ण फाइल साधन लिहून देते. इंजेक्ट-मॅनिफेस्ट या पद्धतीत सर्व्हिस वर्कर आपणच लिहायचा, त्यात ठरलेल्या नावाची एक जागा सोडायची, आणि बिल्डच्या शेवटी साधन तेवढ्या जागेत यादी भरते. पुश सूचना किंवा स्वतःचे वेगळे नियम लागणार असतील तर दुसरी पद्धत घ्यावी. आपल्या पेट्यांच्या नोंदीसाठी पहिली पुरेशी आहे, आणि गरज नसताना दुसरी घेणे म्हणजे सांभाळण्यासाठी एक जास्तीची फाइल पदरात घेणे. तरीही ती घेतलीत, तर कमांडलाइनवरचे इंजेक्ट-मॅनिफेस्ट फक्त यादी भरते, इम्पोर्ट केलेले भाग एकत्र बांधत नाही, हे लक्षात असू द्यावे; वेबपॅकचा आणि व्हीटचा जोड मात्र तेही करतो.

तयार होणाऱ्या यादीत प्रत्येक फाइलीचा पत्ता आणि तिच्या मजकुराचा ठसा असतो. स्थापनेच्या वेळी नवा वर्कर आपल्या यादीची साठ्याशी ताडणी करतो आणि ज्यांचा ठसा बदलला तेवढ्याच फाइली नव्याने उतरवतो. ज्या फाइलींच्या नावातच ठसा आहे त्यांना वेगळ्या ठशाची गरज नसते. तसे सांगणारी एक सोय वर्कबॉक्सच्या मांडणीत आहे आणि ती वापरावी. ही यादी सर्व्हिस वर्करच्या फाइलीतच छापलेली असते, आणि ब्राउझर ती फाइल बाइट न् बाइट पडताळून नवी आहे की जुनी हे ठरवतो. त्यामुळे अ‍ॅपची एखादी फाइल बदलली की यादी बदलते, यादी बदलली की सर्व्हिस वर्कर बदलतो आणि ब्राउझरला तो नवा म्हणून कळतो. आपण हाताने वाढवत असाल तो आवृत्ती क्रमांक आता लागत नाही.

कोणत्या प्रकारच्या फाइली घ्यायच्या हे आपण सांगितले नाही, तर वर्कबॉक्स जेएस, सीएसएस आणि एचटीएमएल एवढेच घेते. मराठी अ‍ॅप करणारे येथे हमखास फसतात, कारण देवनागरीचा फाँट डब्ल्यूओएफएफ-२ प्रकारच्या फाइलीत असतो आणि तो यादीबाहेर राहतो. घरी वायफायवर सारे ठीक दिसते. कातळावर गेल्यावर अक्षरे फोनच्या स्वतःच्या फाँटमध्ये येतात आणि नीट बसवलेल्या ओळी मोडतात. एसव्हीजी चिन्हांची गतही तीच होते. हे प्रकार आठवणीने जोडावेत.

सर्व्हिस वर्कर तयार करणे ही बिल्डची अगदी शेवटची पायरी असली पाहिजे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका दुकानाच्या अ‍ॅपमध्ये त्या आठवड्याचे दर बिल्डनंतर एका वेगळ्या स्क्रिप्टने मुख्य एचटीएमएल फाइलीत भरले जात, आणि यादी मात्र त्याआधीच तयार झालेली असे. यादीतला ठसा दर नसलेल्या कोऱ्या फाइलीचा होता आणि तो कधीच बदलत नव्हता. मग दर बदलूनही ग्राहकांचे फोन ‘काही बदललेले नाही’ अशा समजात राहिले. चूक माझी होती आणि ती सापडायला मला पाच दिवस लागले. याच्या उलट चूकही होते: बिल्डची तारीख व वेळ जावास्क्रिप्टमध्ये भरली, तर काहीही न बदलता प्रत्येक बिल्डला ठसा बदलतो आणि बागेतल्या प्रत्येक फोनला तीच मोठी फाइल पुन्हा उतरवावी लागते.

प्रश्न: आमचे तारकर्लीजवळ घरगुती निवास आहे. पाहुण्यांना किनाऱ्यावर रेंज मिळत नाही म्हणून संकेतस्थळावरचे सगळे फोटो आगाऊ साठवण्यासाठी यादीत जेपीजी घातले. आता पाहुणे म्हणतात की साइट उघडली की डेटा संपतो. शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याची मोठी चित्रे तरीही ऑफलाइन दिसत नाहीत.
— एक वाचक, मालवण

उत्तर: दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. आगाऊ साठ्यात घातलेली प्रत्येक फाइल पहिल्याच भेटीत, पाहुण्याने ती पाहिली असो वा नसो, उतरवली जाते. नुसता खोलीचा दर विचारायला आलेल्या माणसासमोर आपण सगळी पंगत वाढता आहात. मोठी चित्रे न दिसण्याचे कारण असे की, वर्कबॉक्स २ एमबीहून मोठी फाइल मुळात यादीत घेतच नाही. बिल्ड चालू असताना तसा इशाराही येतो, पण पन्नास ओळींच्या गर्दीत तो कोणी वाचत नाही. ही मर्यादा वाढवता येते. आपण ती वाढवू नये, आधी चित्रे लहान करावीत.

आगाऊ साठ्यात अ‍ॅपचा सांगाडा असावा: मुख्य पान, शैली, स्क्रिप्ट, फाँट, चार चिन्हे आणि आपला फोन नंबर व निवासापर्यंतची वाट सांगणारे पान. फोटोंसाठी वर्कबॉक्सचे रनटाइम नियम वापरावेत. म्हणजे जो फोटो पाहुण्याने एकदा पाहिला तोच साठतो. तेथे ‘आधी साठा, नाही तर नेटवर्क’ हा नियम ठेवून जास्तीत जास्त किती फोटो आणि किती दिवस याची मर्यादा घालावी. साठेक फोटो आणि महिनाभर एवढे आपल्याला पुरेल. जेवणाच्या दरपत्रकासाठी ‘साठ्यातले दाखवा आणि मागून ताजे आणून ठेवा’ हा नियम चांगला. खोली रिकामी आहे की नाही, हे मात्र कधीही साठ्यातून दाखवू नये. दिवाळीच्या सुट्टीत भरलेली खोली फोनवर रिकामी दिसली, तर पुढचा वाद कोणताही सर्व्हिस वर्कर मिटवणार नाही.

फोटो दुसऱ्या एखाद्या सेवेवर ठेवलेले असतील तर आणखी एक अडचण येते. परक्या पत्त्यावरून परवानगीवाचून आलेले चित्र ब्राउझर दाखवतो, पण ते नीट आले की चुकीचे, हे सर्व्हिस वर्करला कळू देत नाही. म्हणून वरचा ‘आधी साठा’ नियम ते साठवतच नाही. जबरदस्तीने साठवले तर क्रोम अशा प्रत्येक चित्रापोटी साधारण ७ एमबी जागा खर्ची टाकतो, मग चित्र ५० केबीचे का असेना. चित्राच्या टॅगवर क्रॉस-ओरिजिन हा गुण लावावा आणि त्या सेवेकडून सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाला आपला मजकूर वाचू देण्याची, परवानगी चालू करून घ्यावी, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतात.

प्रश्न: बंदरावरच्या लिलावाच्या नोंदींसाठी आमच्या मंडळाचे वेब अ‍ॅप आहे. यादी वर्कबॉक्सच करते, तरी नवे बिल्ड चढवल्यावर फोनवर जुनेच दिसते. दोन-तीनदा रिफ्रेश करूनही फरक पडत नाही. एका मित्राने स्किप-वेटिंग चालू करायला सांगितले आहे. करावे का?
— मंडळाचा एक कार्यकर्ता, हर्णै

उत्तर: लगेच करू नये. नवा सर्व्हिस वर्कर स्थापन झाल्यावर, जुन्याच्या ताब्यातले शेवटचे पान बंद होईपर्यंत ताटकळत थांबतो. रिफ्रेशने तो पुढे सरकत नाही, कारण नवे पान हाती येईपर्यंत जुने सुटलेले नसते आणि त्यामुळे जुन्या वर्करला रिकामे होण्याची संधीच मिळत नाही. सगळे टॅब बंद करून पुन्हा उघडले की नवे दिसते. हा दोष नाही. एकाच वेळी एकाच आवृत्तीचा कारभार चालावा म्हणून मुद्दाम केलेली ही व्यवस्था आहे.

स्किप-वेटिंगने, म्हणजे नव्या वर्करला न थांबता ताबा घ्यायला सांगणाऱ्या आज्ञेने, ही रांग मोडते. समजा, संध्याकाळी लिलाव रंगात आला आहे, कारकुनाच्या फोनवर जुने पान उघडे आहे, आणि तेवढ्यात नवा वर्कर ताबा घेऊन जुना साठा साफ करतो. आता कारकुनाने पावतीचे बटण दाबले, आणि पावतीचा भाग गरजेनुसार नंतर उतरणारा असला, तर जुने पान जुन्या नावाची फाइल मागते. ती साठ्यात राहिलेली नाही, आणि नव्या बिल्डने सर्व्हरवरूनही पुसली आहे. पान गोठते आणि सुरमईचा भाव कोणत्या आकड्यावर तुटला यावरून तंटा उभा राहतो.

मध्यम मार्ग असा. जनरेट-एसडब्ल्यू मध्ये स्किप-वेटिंग मुळात बंदच असते, आणि तसे असताना तयार होणाऱ्या फाइलीत ‘आता थांबू नको’ असा निरोप ऐकण्याची सोय आपोआप येते. नवा वर्कर थांबलेला दिसला की पानावर ‘नवी आवृत्ती तयार आहे’ अशी पट्टी दाखवावी, कारकुनाने सवडीने ती दाबल्यावर हा निरोप पाठवावा, आणि ताबा बदलल्याची घटना घडली की पान एकदा पुन्हा उघडावे. आपले अ‍ॅप दिवसभर उघडेच राहत असेल तर आणखी एक गोष्ट करावी लागेल. ब्राउझर नवा वर्कर आला का हे मुख्यतः पान नव्याने उघडताना तपासतो. उघड्या पानावर ती तपासणी आपणच, समजा दर तासाने, नोंदणीच्या अपडेट या आज्ञेने करवून घ्यावी.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत आपण मोठे बदल करत असाल, तर ऑगस्टच्या पहिल्या दिवसाचा विचार आधीच करून ठेवावा. दोन महिने न उघडलेला फोन त्या दिवशी प्रथम मे महिन्यातलेच अ‍ॅप दाखवील आणि नवे मागून आणील. त्यामुळे पहिल्या लिलावाच्या नोंदी जुन्या आवृत्तीतून येतील, आणि सर्व्हरने त्या जुन्या रूपातही स्वीकारल्या पाहिजेत.

आता सर्व्हरची बाजू. सर्व्हिस वर्करच्या फाइलीचे नाव कायम तेच ठेवावे, त्यात ठसा घालू नये, आणि तिच्यावर नो-कॅशचा हेडर (‘जुनी प्रत न तपासता वापरू नका’ अशी फाइलीसोबत जाणारी सूचना) लावावा. २०१८ मधल्या क्रोम ६८ पासून ब्राउझर ही फाइल तपासताना आपली सामान्य कॅश बाजूला ठेवतो, आणि त्याआधीही ती २४ तासांहून जास्त जुनी चालत नसे. पण मधल्या सीडीएनने (आपल्या फाइलींच्या प्रती ठेवून त्या वाचकांना पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याने) जुनी प्रत धरून ठेवली तर ब्राउझरचा इलाज नाही. ज्यांच्या नावात ठसा आहे त्या फाइलींना मात्र वर्षभराची मुदत खुशाल द्यावी. फाइली चढवतानाचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी ठसा असलेल्या फाइली, मग एचटीएमएल, आणि सर्वात शेवटी सर्व्हिस वर्कर. तो आधी पोचला तर त्याच्या यादीतल्या फाइली सर्व्हरवर नसतात, आणि देवगडच्या पत्रातली गत होते.

याच क्रमात एक छुपा सापळा आहे. एकपानी अ‍ॅपसाठी पुष्कळ सर्व्हर अशी मांडणी करतात की जो पत्ता सापडत नाही त्याला मुख्य पान द्यावे, आणि तेही २०० या यशाच्या क्रमांकासह. मग न सापडलेली जावास्क्रिप्ट ‘सापडते’, तिच्या नावाखाली एचटीएमएल साठवले जाते, स्थापना यशस्वी ठरते आणि अ‍ॅप कोरे पान दाखवते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये, जेथे चुका दिसतात तेथे, पहिल्याच अक्षराला कोनी कंसाची तक्रार दिसली, तर निदान हेच समजावे. फाइलींच्या फोल्डरला ही मांडणी लागू करू नये. तेथे नसलेल्या फाइलीला सरळ ४०४ मिळू द्यावा.

आणि एवढे करूनही सगळे फसले, तर सर्व्हिस वर्करची फाइल सर्व्हरवरून पुसून टाकणे हा उपाय नव्हे. ती मिळाली नाही तर ब्राउझर जुन्यालाच धरून राहतो. त्याच नावाने एक छोटा वर्कर चढवावा, जो थांबत नाही, साठे पुसतो आणि स्वतःची नोंदणी रद्द करतो. अशी फाइल आधीच लिहून, तपासून बाजूला ठेवलेली असावी. लिलावाच्या वेळी ती लिहायला बसू नये.

प्रश्न: लॅपटॉपवर सारे चालते, पण त्याच वायफायवरच्या फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता घालून उघडले तर सर्व्हिस वर्करची नोंदणीच होत नाही.
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर: सर्व्हिस वर्करला एचटीटीपीएस लागते. सूट आहे ती लोकलहोस्टला, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्याला नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून क्रोमच्या पोर्ट फॉरवर्डिंगने फोनमध्येही लोकलहोस्ट हाच पत्ता उघडावा. चाचणी बिल्डनंतरच्या फोल्डरवर करावी. रोजच्या डेव्हलपमेंट सर्व्हरवर सर्व्हिस वर्कर बंद ठेवावा, नाही तर आपण केलेला बदल का दिसत नाही या शोधात दुपार जाते.

प्रश्न: फाइली साठल्या, पण रेंज नसताना भरलेल्या नोंदी त्याच साठ्यात राहतात का? आयफोनवर काही वेगळे आहे का?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर: नाही राहत. बिल्डने केलेला साठा अ‍ॅपच्या फाइलींचा असतो. माणसाने भरलेल्या नोंदी इंडेक्स्ड-डीबी या ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये ठेवाव्या लागतात आणि रेंज आल्यावर पाठवाव्या लागतात. मागून पाठवण्याची बॅकग्राउंड सिंक ही सोय क्रोमच्या कुळात आहे, सफारी व फायरफॉक्समध्ये नाही. म्हणून पान उघडताच प्रलंबित नोंदी पाठवण्याची तजवीज स्वतः करावी. आयफोनच्या सफारीत सर्व्हिस वर्कर मार्च २०१८ पासून, म्हणजे क्रोमनंतर तीन वर्षांनी आला. मार्च २०२० पासून तेथे आणखी एक नियम आहे: सफारी वापरात असलेल्या सात दिवसांत ज्या साइटला माणसाने हात लावला नाही, तिचा साठा, नोंदी आणि सर्व्हिस वर्कर पुसले जातात. होम स्क्रीनवर ठेवलेल्या अ‍ॅपला हा नियम तसा लागू होत नाही. तेव्हा आयफोनवाल्यांना अ‍ॅप होम स्क्रीनवर घ्यायला सांगावे, आणि पाठवायची राहिलेली नोंद किती दिवसांची झाली तो आकडा पानाच्या डोक्यावर ठळक दाखवावा.

प्रश्न: आमच्या शाळेचे अ‍ॅप मुख्य संकेतस्थळाच्या एका उपफोल्डरमध्ये आहे. सर्व्हिस वर्कर ‘असेट्स’ फोल्डरमध्ये तयार होतो. नोंदणी होते, पण ऑफलाइन काहीच उघडत नाही.
— एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर: सर्व्हिस वर्करचा अधिकार तो ज्या फोल्डरमध्ये आहे तेथून खाली चालतो, वर नाही. ‘असेट्स’मध्ये बसलेला वर्कर ‘असेट्स’पुरताच. वर्कबॉक्सला फाइल अ‍ॅपच्या उपफोल्डरच्या मुळाशी लिहायला सांगावे आणि नोंदणीतला पत्ताही तसाच बदलावा. सर्व्हर आपल्या हाती असेल तर सर्व्हिस-वर्कर-अलाउड हा हेडर लावूनही अधिकार वाढवता येतो, पण फाइल जागच्या जागी ठेवणे सोपे. बदल केल्यावर जुनी नोंदणी डेव्हलपर टूल्समधल्या अ‍ॅप्लिकेशन टॅबमधून एकदा हाताने काढून टाकावी आणि मगच विमान मोड लावून तपासावे.